कोपर कुठे ठेवायचं?

बसा. खुर्चीवर, पाटावर, सोयीचं असेल तिथे. समोर, हात सहज पोचेल इतक्या अंतरावर, पाण्याने भरलेला पेला ठेवा. जमल्यास पहाटेची वेळ निवडा. नाशिकच्या थंडीत या वेळी खिडकीबाहेर धुकं असतं, त्र्यंबक रोडने सातपूरकडे पहिल्या पाळीच्या बस निघालेल्या असतात, घरात मात्र अजून कुणाला जाग नसते. आज एकच गोष्ट बघायची आहे : या पेल्यापर्यंत हात पोचतो म्हणजे नेमकं काय होतं. पाणी शेवटी प्यायचं.

उजवा हात मांडीवर असू द्या. तो उचला, पेल्याला बोटं टेकवा, परत मांडीवर आणा. आणखी एकदा, अर्ध्या वेगाने. आणखी एकदा, त्याच्याही अर्ध्या वेगाने.

आता स्वतःला विचारा : खांदा किती अंश फिरला? कोपर किती उघडलं? मनगटाने शेवटी केवढं वळण घेतलं? उत्तर येत नाही. खांद्याला तीन प्रकारे फिरता येतं, कोपराला एका प्रकारे. कोपरापुढचा हात पिळणं, मनगट वर-खाली करणं आणि बाजूला झुकवणं या आणखी तीन हालचाली. एकूण सात. या सातांचा मेळ तुमच्या शरीराने आत्ता तीनदा घातला आणि त्यातला एकही आकडा तुम्हाला सांगितला नाही. तान्हेपणी खुळखुळा धरता धरता हे शिकून झालं, आणि शिकल्याची आठवणही उरली नाही.

त्या विसरलेल्या शिकण्याकडे आज पायरी पायरीने परत जाऊ.

*

माझ्या टेबलावर एक छोटा यंत्रहात आहे. दोन पट्ट्या, दोन सर्वो मोटरी. मोटरीला अंश कळतात, सेंटिमीटर कळत नाहीत. ‘६७ अंशांवर जा’ म्हटलं की ती जाते. ‘पेल्यापाशी जा’ म्हटलं तर तिला त्यातून काहीच समजत नाही. मला मात्र पेला हवा असतो. कारखान्यात गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करणारे सहा सांध्यांचे मोठे यंत्रहात असोत की माझा हा टेबलावरचा, अडचण सगळ्यांची सारखीच : माणूस जागा सांगतो, मोटर कोन मागते.

म्हणून प्रश्न दोन होतात. एक सुलट : कोन ठाऊक आहेत, तर हाताचं टोक कुठे असेल? याला फॉरवर्ड कायनेमॅटिक्स म्हणतात. दुसरा उलट : टोक इथे हवं आहे, तर कोन किती ठेवू? हे इन्व्हर्स कायनेमॅटिक्स.

दोन्ही अंगाने अनुभवून बघा. डोळे मिटा. हात खांद्यातून थोडा पुढे न्या, कोपर काटकोनात वाकवा, थांबा. डोळे उघडा. बोटाचं टोक कुठेतरी एका जागी आहे. तेच कोन पुन्हा ठेवलेत तर ते पुन्हा तिथेच येईल. कोन ठरले की जागा ठरली. सुलट प्रश्नाला उत्तर एकच.

आता एक बोट पेल्याच्या काठावर टेकवा आणि तिथून ते हलू देऊ नका. बोट तसंच ठेवून कोपर बाहेरच्या बाजूने वर उचला. मग सावकाश खाली सोडा. पुन्हा वर. पुन्हा खाली. बोट जागचं हललं नाही, कोपर मात्र फिरत राहिलं. जागा एक, आणि तिथे पोचण्याचे कोन कितीतरी.

इथे थोडा वेळ राहा. घाई नाही. शिकणाऱ्याला पुढे जे जे अडतं, त्याचं मूळ या एका हालचालीत आहे.

*

मी शिकायला बसले तेव्हा ‘उलट’ या शब्दाने फसले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त व्यस्तविधी नावाची रीत आहे. ११५० सालच्या त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा हा भाग. कुणी मनात एक संख्या धरली, तिला गुणलं, भागलं, वर्ग केला आणि शेवटचा आकडा तेवढा सांगितला, तर मूळ संख्या कशी काढायची? टोकाकडून निघायचं. गुणलं असेल तिथे भागायचं, वर्ग केला असेल तिथे मूळ काढायचं. गाठी ज्या क्रमाने मारल्या त्याच्या उलट क्रमाने सोडवत यायचं. मला वाटलं, यंत्रहाताचंही असंच असणार.

तसं नसतं. कोपराचा कोन खांद्याच्या कोनावर बसलेला असतो. खांदा हलला की कोपरापुढचं सगळं हलतं. टोक किती पुढे आणि किती वर, या दोन्ही आकड्यांत दोन्ही कोन एकमेकांत मुरलेले असतात. दही लागल्यावर त्यातलं विरजण वेगळं काढता येत नाही, तसे ते एकेक करून वेगळे निघत नाहीत.

या विषयाची पुस्तकं इथे मॅट्रिक्स उघडतात. १९५५ मध्ये देनाव्हीत आणि हार्टेनबर्ग यांनी प्रत्येक सांध्याची मांडणी चार आकड्यांत लिहायची रीत दिली, ती आजही शिकवली जाते आणि पुढे लागतेही. पण पहिल्या पायरीवर मला आधार मिळाला तो ‘लीलावती’तल्याच दुसऱ्या प्रकरणात, क्षेत्रव्यवहारात. तिथे यंत्राचं नाव नाही. त्रिकोण आहेत.

तुम्हीही करून बघा. खराट्याचे दोन सरळ हीर घ्या. एक १३ सेंटिमीटरचा कापा, दुसरा १५ सेंटिमीटरचा. पहिला हीर म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड, दुसरा कोपरापासून बोटांपर्यंतचा हात. कागदावर एक आडवी रेघ ओढा. तिच्या डाव्या टोकाला खांदा. तिथून १४ सेंटिमीटरवर पेला, तिथे ठिपका द्या. आता १३चा हीर खांद्यापाशी बोटाने दाबून धरा, १५चा पेल्यापाशी. दोघांची मोकळी टोकं फिरवत फिरवत एकमेकांपर्यंत आणा.

ती जिथे भेटली, तिथे कोपर.

कंपासपेटीतला कंपास असेल तर खांद्यावर टोक रोवून १३चा कंस काढा, पेल्यावर रोवून १५चा. कंस छेदतात तिथेही तेच कोपर. शाळेत तीन बाजूंच्या लांबीवरून त्रिकोण काढला होता, आठवतो? दोन बाजू म्हणजे यंत्रहाताच्या दोन पट्ट्या, तिसरी बाजू म्हणजे खांद्यापासून पेल्यापर्यंतचं अंतर. उलट प्रश्नाचं पहिलं उत्तर त्या शाळेच्या वहीतच होतं.

*

आता मोजू. १३, १४, १५ हे आकडे भास्कराचार्यांचे आहेत. भूमी चौदा आणि दोन भुजा तेरा व पंधरा असलेला त्रिकोण ‘लीलावती’त उदाहरण म्हणून दिला आहे. शिखरातून लंब सोडला की भूमीचे दोन तुकडे पडतात. त्यांना आबाधा म्हणतात. त्या काढायची रीत अशी : भुजांची बेरीज २८, वजाबाकी २. गुणाकार ५६. त्याला भूमीने, म्हणजे १४ने भागा : ४. हा ४ भूमीत मिळवून निम्मं करा : ९. भूमीतून वजा करून निम्मं करा : ५.

थांबा. हा ५ म्हणजे काय, ते कागदावर बोट ठेवून बघा. खांद्यापासून रेघेवर ५ सेंटिमीटर पुढे जा. कोपर त्याच्या बरोबर वर आहे. किती वर? १३चा वर्ग १६९, त्यातून ५चा वर्ग २५ वजा, राहिले १४४, मूळ १२. कोपराची जागा मिळाली : ५ पुढे, १२ वर. साइन नाही, कोसाइन नाही.

मोटरीला हवा तो कोन आता कोनमापकाने मोजता येतो. खांद्यापाशी सुमारे ६७.४ अंश. कोपरापाशी दोन हिरांमधला कोन सुमारे ५९.५, म्हणजे सरळ हातापासून कोपर सुमारे १२०.५ अंश वाकलं. प्रोग्राममध्ये हेच काम कोसाइनच्या नियमाने होतं. तो नियम याच त्रिकोणाबद्दल बोलतो. लंब आणि आबाधांऐवजी कोनांच्या भाषेत बोलतो, एवढंच.

मी हे दोन आकडे मोटरींना दिले आणि पट्टीचं टोक कागदावरच्या ठिपक्यावर येऊन थांबलं, तेव्हा बराच वेळ मी त्याच्याकडे बघत राहिले. नाशिकरोडहून मनमाड-नांदगाव ओलांडलं की चाळीसगाव येतं. त्याच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पाटणे गाव आहे. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे : भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्याला दान मिळालं, याची ती नोंद, १२०७ सालची. विद्यार्थ्यांनी बसून हेच हिशेब करावेत म्हणून दगडात कोरून केलेली ती तजवीज. ठिपक्यावर टेकलेल्या त्या पट्टीच्या टोकाशी बसून मला त्या मठाच्या शेवटच्या ओळीत जागा मिळाल्यासारखं वाटलं.

*

आता पुन्हा हिरांकडे या. कोपर रेघेच्या वर आहे. दोन्ही हीर तेवढेच ठेवून ते रेघेच्या खाली आणा. टोकं खालीही भेटतात. ५ पुढे, १२ खाली. १४४चं मूळ १२ आणि उणे १२ही.

मोटरींना दोन्ही चालतात. गणिताला दोन्ही मान्य आहेत. मग खरं उत्तर कोणतं?

भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात माकडांची दोन कोडी घातली आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतो आहे आणि उरलेली बारा माकडं टेकडीवर आहेत. कळप केवढा? ४८ किंवा १६. पडताळून बघा, दोन्ही बसतात, आणि त्यांनी दोन्ही स्वीकारली आहेत. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत, एक फांदीवर. समीकरण सोडवलं तर ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा भाग एक. त्यातून तीन माकडं वजा कशी होणार? समीकरणाला ५ चालतो, कळपाला चालत नाही. त्यांनी तो सोडून दिला.

हातातला हीर खाली ठेवा आणि या दोन कोड्यांमधल्या अंतरावर मन ठेवा. समीकरण जितकी उत्तरं देईल तितकी घ्यायची. मग प्रत्येकाला जगासमोर उभं करून विचारायचं, तू इथे बसतोस का? माझ्या यंत्रहाताचं कोपर खाली घ्यायचं म्हटलं तर तिथे टेबल आहे. कागदावर ते उत्तर बरोबर, लाकडात घुसू बघणारं.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या मांडवाखाली काढणी चालू असते तेव्हा हात बघा. घड डोक्याच्या वर लोंबतो. त्याच्यापर्यंत पोचायला हाताला अनेक वाटा आहेत. पण मण्यांवर पांढुरकी नैसर्गिक पावडर असते, ती बोट लागताच पुसते आणि मालाचा रुबाब जातो. म्हणून घडाला हात न लावता देठाला धरायचं, कात्रीने देठ कापायचा, आणि हे करताना कोपर शेजारच्या घडाला घासू द्यायचं नाही. ज्या बाई दिवसभर हे काम करतात, त्यांचा हात दर घडाला उलट प्रश्न सोडवतो, आणि जमणाऱ्या अनेक कोनांतून शेजारच्याला न दुखवणारा एक निवडतो. हात कुठे पोचला एवढंच बघायची आपल्याला सवय असते. त्यांचं कौशल्य कोपरात आहे.

*

आणखी दोन त्रिकोण. हळूहळू.

पहिला : भुजा १० आणि १७, भूमी फक्त ९. म्हणजे दंड आखूड, पुढचा हात लांब, आणि पेला अगदी जवळ. रीत तीच. बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकार १८९, भागिले ९ : २१. भूमीत मिळवून निम्मं : १५. भूमीतून वजा करून निम्मं : उणे ६.

उणे सहा सेंटिमीटर? इथे शिकणारा घाबरतो, कुठे चुकलं म्हणून वर बघतो. भास्कराचार्य म्हणतात, आबाधा ऋण आली म्हणजे ती उलट दिशेला आहे. बस. खांद्यापासून ६ मागे आणि ८ वर जा. कोपर तिथे आहे.

हे अंगाने करा. पेला उचलल्यासारखी मूठ धरा आणि ती छातीजवळ, अगदी जवळ ओढा. कोपर कुठे गेलं? पाठीमागे. जवळच्या वस्तूपाशी पोचायला हाताला मागे जावं लागलं. वजाचं चिन्ह तुमच्याच शरीरात आहे. मूठ पुढे न्या, कोपर पुढे. मूठ जवळ घ्या, कोपर मागे. चार-पाच वेळा करा, चिन्ह बदलतं तो क्षण शोधा.

दुसरा त्रिकोण : बाजू ३, ६ आणि ९. हीर कापून तो जुळवायचा प्रयत्न करा. शिखर उभंच राहत नाही. दोन्ही हीर रेघेवर आडवे पडतात. ज्या आकृतीत एक बाजू बाकीच्यांच्या बेरजेहून मोठी किंवा बेरजेइतकी असेल, ती कुणी धिटाईने विचारली तरी क्षेत्रच नव्हे, ‘लीलावती’च्या शब्दात अक्षेत्र. आणि पटत नसेल त्याला बाजूंच्या मापाच्या सरळ काड्या ठेवून दाखवावं, असंही भास्कराचार्य सांगतात. खराट्याचे हीर घ्या असं मी म्हणाले ते यावरूनच सुचलं.

यंत्रहाताच्या भाषेत, एक बाजू बेरजेहून मोठी असलेलं अक्षेत्र म्हणजे टप्प्याबाहेरची जागा. आपल्या १३ आणि १५च्या हाताला २८ सेंटिमीटरपलीकडे पोचता येत नाही. आणि खांद्याच्या २ सेंटिमीटरपेक्षा जवळही येता येत नाही, कारण दोन हिरांच्या लांबीत तेवढा फरक आहे. प्रोग्रामने अशा जागेला सरळ ‘नाही’ म्हणायला शिकायचं असतं. नाहीतर उणे संख्येचं मूळ काढायच्या नादात तो अडखळतो.

बेरजेइतकी बाजू, म्हणजे नेमका ताठ हात, याच्याकडे मात्र जास्त वेळ बघा. हात पुढे पूर्ण ताणा. वरचं कोपर आणि खालचं कोपर इथे एक होतात, निवड संपते. आता बोटाचं टोक किंचित मागे घ्यायचं आहे, जेमतेम एक मिलिमीटर. आपल्या यंत्रहाताला त्यासाठी कोपर जवळजवळ १० अंश वाकवावं लागतं. तोच एक मिलिमीटर १४ सेंटिमीटरवर असताना अर्ध्या अंशात होतो. म्हणून ताठ झालेला यंत्रहात टोकाशी थरथरतो, झटके देतो. या अवस्थेला सिंग्युलॅरिटी म्हणतात, आणि तिच्यापासून थोडं अलीकडे थांबणं ही चांगल्या मांडणीची खूण मानतात. पेला टेबलाच्या पलीकडच्या कडेला असेल तर हात न ताणता आपण खुर्ची पुढे ओढतो. तेही उलट प्रश्नाचं उत्तरच आहे.

हात सैल सोडा. खांदा खाली येऊ द्या.

*

सहा सांधे झाले की हीर पुरत नाहीत. सहा फिरत्या सांध्यांच्या यंत्रहाताला टोकाची एकच जागा आणि दिशा गाठायला जास्तीत जास्त १६ वेगवेगळ्या रीती असू शकतात. १९६८ मध्ये पायपर यांनी दाखवलं की शेवटच्या तीन सांध्यांचे अक्ष एका बिंदूत मिळत असतील तर प्रश्न दोन तुकड्यांत सुटतो : आधी मनगट जागेवर न्यायचं, मग पंजा वळवायचा. कारखान्यांतले बरेच यंत्रहात म्हणूनच तसे बांधतात. पेल्याकडे हात नेऊन बघा. आधी मनगट, मग पंजा. वेगळं करून बघितलं की जाणवतं.

आणि जिथे असं सूत्र हाती लागत नाही, तिथे एक जुनी युक्ती उरते. आत्ता टोक कुठे आहे ते बघायचं. पेल्यापासून किती दूर आहे ते मोजायचं. कोणता सांधा किंचित हलवला तर टोक कुठे सरकतं, याचा तक्ता मांडायचा. त्याला याकोबियन म्हणतात. त्याच्या आधाराने प्रत्येक सांधा थोडासा फिरवायचा. पुन्हा बघायचं. पुन्हा थोडासा. ग्रहांची स्थानं काढताना आपल्या सिद्धान्तग्रंथांत जे गणित एका फेरीत सुटत नाही, ते येणारं उत्तर परत आत घालून पुन्हा पुन्हा केलं जातं, आकडा स्थिर होईपर्यंत. त्याला असकृत्कर्म म्हणतात. असकृत्, म्हणजे एकदाच नव्हे.

डोळे मिटा आणि हात पेल्याच्या दिशेने अर्धा न्या. थांबा. डोळे उघडा, किती उरलं ते बघा. मिटा. उरलेल्याच्या अर्ध्यापर्यंत जा. थांबा. उघडा. असं करत काठापर्यंत या. दर वेळी चूक उरते, दर वेळी ती लहान होते. शिकताना माझ्या वहीची पानं अशीच भरली, आणि शेवटच्या पानावर पहिल्यापेक्षा टोक ठिपक्याच्या जवळ होतं.

बोटं आता काचेला किंवा पितळेला टेकली असतील. तसंच राहा. खांदा जाणवू द्या, मग कोपर, मग मनगट. पहिल्यांदा हात नेला होता तेव्हाही हे तीन सांधे होते. तेव्हा तुम्ही फक्त पेला बघितला होता. आता बोटं न हलवता कोपर एकदा वर न्या, एकदा खाली. टेबलाला लागतं का? बाजूला बसलेल्याला लागतं का? खांद्यावर ताण कुठे कमी येतो? सगळ्या जागा बघून त्यातली एक निवडा. कोपर तिथे ठेवा.

आता पेला उचला आणि पाणी प्या.